गावरान की बॉयलर?

"काय गं, कोंबडी सांगून ठेवलीस का?"

आखाड लागला की आमच्या कॉलनीत बायका एकमेकींना हाच प्रश्न विचारतात. पेरण्या उरकलेल्या असतात, आभाळ भरून आलेलं असतं आणि श्रावण दाराशी येऊन ठेपलेला असतो. एकदा श्रावण लागला की पुढं महिनाभर, काही घरांत तर थेट दसऱ्यापर्यंत, रश्श्याचं पातेलं फळीवरून खाली उतरत नाही. म्हणून त्याआधी लेकी-जावई, दीर-जावा सगळ्यांना बोलवायचं आणि आखाडी करायची, ही आपल्याकडची रीत. पुण्या-मुंबईकडं एकट्या अमावास्येच्या नावानं गटारी करतात, आपल्याकडं अख्खा आखाड असतो.

बरं, वार सांभाळायचे. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मधे एकादशी, चतुर्थी. कुणाचा मंगळवार देवीचा, कुणाचा शुक्रवार. घरात कुणी माळकरी असलं तर त्यांची भांडीसुद्धा वेगळी. सगळं वजा करून उरतो बुधवार आणि रविवार. त्यामुळं आखाडातल्या रविवारी सकाळी सातला चिकनच्या दुकानापुढं जी रांग लागते ती बघावी! बीड शहर असो, माजलगाव असो की केज, चित्र तेच.

आपल्या जिल्ह्यात या जेवणाला आणखी एक अर्थ आहे. गावंच्या गावं दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, ती उन्हाळ्यात माघारी येतात. संक्रांत, होळी कारखान्याच्या तळावर, कोपीत होते. आखाडाला मात्र घर भरलेलं असतं. वर्षातून एकदाच सगळी ताटं एका ओळीत लागतात. तेव्हा त्या ताटात काय पडणार, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

आणि तिथंच घोडं अडतं. गावरान आणायची की बॉयलर?

खरा शब्द ब्रॉयलर, पण आपण सगळ्या बॉयलरच म्हणतो, तर मीही तसंच लिहिते. आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, या बाबतीत एकच कायदा होता. "पाहुण्याच्या ताटात बॉयलर घालतेस व्हय? लोक काय म्हणतील?" त्या पाटोद्याकडच्या खेड्यातल्या. घरामागं खुराडं, डाल्याखाली पिलं, अशा वातावरणात वाढलेल्या. त्यांच्या लेखी पांढऱ्या पिसाची कोंबडी ही कोंबडीच नव्हे.

माझं लग्न झालं ते १९९४ चं साल. तो माझा सासरचा पहिला आखाड. घरात आम्ही आणि आलेले मिळून चौदा माणसं. गावाकडून तांबडा गावरान कोंबडा आला होता, सव्वा किलोचा असेल. मी सकाळपासून चुलीपुढं. कांदा-खोबरं भाजलं, पाट्यावर वाटलं, काळं तिखट घातलं, वर येसर लावला. ज्यांना येसर माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, धान्य-डाळी आणि मसाले भाजून केलेलं हे पीठ मराठवाड्यात घरोघर असतं. चमचा-दोन चमचे येसर पडला की रस्सा दाटही होतो आणि वाढतोही. चौदा माणसांना एक कोंबडा पुरवायची ही आपल्या आज्या-पणज्यांची युक्ती.

आधी पुरुषांची पंगत बसली. मग पोरं, मग माहेरवाशिणी. शेवटी आत्याबाई, थोरल्या जाऊबाई आणि मी पातेलं मधे घेऊन बसलो. पातेल्यात रस्सा होता. पळी फिरवली तर एक मान, दोन पंख आणि पाठीचा सांगाडा हाती लागला. आत्याबाईंनी मान स्वतःच्या ताटात घेतली. म्हणाल्या, "मला मानच आवडती बाई." जाऊबाईंनी आणि मी एकेक पंख घेतला. रस्सा मात्र झकास झाला होता. सगळ्यांनी सुनेचं कौतुक केलं, मीही खूश.

पुढं कितीतरी आखाड असेच गेले. एकदा सहज मी पेन घेऊन हिशोब केला आणि मग माझं डोकं ताळ्यावर आलं. सव्वा किलोची जिवंत गावरान कोंबडी साफ करून आणली की हाडासकट कशीबशी आठशे ग्रॅम भरते. तिचे सांगण्यासारखे तुकडे होतात चौदा-पंधरा. पंगतीला सहा पुरुष, प्रत्येकाला दोन वाढले की बारा गेले. उरलेले पोरांना. म्हणजे गावरान एकच आणायची असं ठरवलं त्याच क्षणी घरातल्या बायकांच्या ताटात फक्त रस्सा येणार हेही ठरलेलं असतं. कुणी मुद्दाम करत नाही हो. कोंबडीच तेवढी असते.

तेव्हापासून दुकानात जायच्या आधी मी ताटं मोजते. आणि त्यात माझं ताट धरते.

आता बाजारात काय काय मिळतं ते बघू. कारण "गावरान आहे ताई, घ्या" असं म्हणून जे गळ्यात मारलं जातं ते बरेचदा गावरान नसतंच.

बॉयलर सगळ्यांना ठाऊक आहे. पाच ते सहा आठवड्यांत दोन किलोची होते. मांस मऊ, रंग फिका, शिजायला वीस-पंचवीस मिनिटं पुरे. दोन किलोची जिवंत घेतली तर साफ करून एक किलो तीनशे-चारशे ग्रॅम पदरात पडते. आपल्याकडं हा धंदा फोफावला तो गेल्या पन्नास वर्षांत. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुण्यातून तिचा पसारा देशभर गेला. आता तर कंपनी पिल्लं आणि खाद्य देते, शेतकरी शेडमध्ये वाढवून देतो आणि किलोमागं मजुरी घेतो, अशी पद्धत गावोगाव आहे.

अस्सल गावरान म्हणजे उकिरड्यावर, अंगणात, वावरात चरून वाढलेली. किलो-सव्वा किलोची व्हायला तिला पाच-सहा महिने लागतात. भाव बॉयलरच्या दुप्पट-तिप्पट, आणि खेड्यात ती वजनावर नाही, नगावर विकली जाते. मांस लालसर, चरबी पिवळी, हाड बारीक पण टणक.

या दोन्हींच्या मधे बरीच गर्दी आहे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली गिरिराजा, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा, या रंगीत पिसांच्या सुधारित जाती. दिसायला गावरानसारख्या, अंगानं मात्र भरलेल्या. शासनाच्या उबवणी केंद्रांतून यांची पिल्लं मिळतात, आणि बचत गटाच्या पुष्कळ बायका त्या पाळतात. चवीला बॉयलरपेक्षा उजव्या, शिजायला गावरानपेक्षा सोप्या. या मला स्वतःला आवडतात, फक्त त्या गावरान म्हणून गावरानच्या भावात विकू नयेत एवढंच म्हणणं. मग येतो कॉकरेल, म्हणजे अंड्यांसाठी पाळायच्या जातीतला नर. त्याचा अंड्याला उपयोग नाही म्हणून खाण्यासाठी वाढवतात. आणि शेवटी अंडी देऊन देऊन थकलेली लेअर कोंबडी. ही स्वस्त असते, कडक असते, आणि कडक लागते म्हणूनच कधीकधी "गावरान" या नावानं खपते!

मी स्वतः फसले आहे. एका वर्षी दुकानात लाल-काळ्या पिसांचे कोंबडे जाळीत होते. गावरान म्हणून दोन घेतले, चांगले पैसे मोजले. घरी आत्याबाईंनी परातीतलं मांस बोटानं दाबलं आणि म्हणाल्या, "हा कधी उकिरडा उकरलेला न्हाई." कॉकरेल निघाला. तेव्हा आत्याबाईंनीच मला पारख शिकवली, ती इथं सांगते.

कोंबडी हातात धरून बघायची, जाळीबाहेरून नाही. गावरान हाताला हलकी लागते, छातीचं हाड टोचतं, पाय लांब, सडसडीत आणि खरखरीत असतात. एका खुराड्यातल्या दहा गावरान कोंबड्या दहा रंगांच्या असतात. जाळीतले सगळे पक्षी एकाच मापाचे, एकाच रंगाचे दिसले की समजावं, हे एका शेडमधून आलेत. मग वय बघायचं. कोंबड्याच्या पायामागं काटा असतो. तो नुसता उंचवटा असेल तर कोंबडा कोवळा, लांब होऊन वर वळला असेल तर म्हातारा. छातीच्या हाडाचं खालचं टोक दाबून बघा. लवलं तर कोवळं, दगडासारखं लागलं तर कुकरच्या शिट्ट्या मोजत बसायची तयारी ठेवा. तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, मिळाली तर सोडू नका. मात्र विकणारीचं नुकसान करून तलंग मागू नये, कारण उद्याची अंडी तिच्याच पोटात असतात.

आजारी पक्षी ओळखणं त्याहून महत्त्वाचं. पावसाळा सुरू झाला की खेड्यात मानमोडी येते. अशा वेळी घाईघाईनं विकायला काढलेल्या कोंबड्या बाजारात असतात. तुरा निस्तेज, डोळे मिटलेले, पिसं फुलवून कोपऱ्यात उभी, मागची बाजू हगवणीनं भरलेली, अशी कोंबडी फुकट दिली तरी घेऊ नका. बर्ड फ्लूचं म्हणाल तर २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला तो पहिल्यांदा आला तेव्हा कोंबडीचं नाव काढायची सोय नव्हती. २०२१ च्या जानेवारीत शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला कोंबड्या मेल्या. २०२० च्या मार्चमध्ये तर कोंबडीतून कोरोना होतो ही नुसती अफवा, पण तिनं बॉयलरवाल्यांचा माल मातीमोल केला. पक्ष्यांचा आजार आपल्या भागात असेल तर जिवंत पक्षी हाताळू नये, सरकारी सूचना पाळाव्यात. पूर्ण शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही, आणि आपला रस्सा तर खदखदा उकळतोच.

मैत्रिणींचा आणखी एक प्रश्न हमखास असतो. बॉयलरला इंजेक्शन देऊन फुगवतात, पोरींना खायला द्यावी का? वाढीचं इंजेक्शन ही समजूत खरी नाही. ती लवकर वाढते ती जातीमुळं आणि खाद्यामुळं. हजारो कोंबड्यांच्या शेडमध्ये एकेकीला इंजेक्शन टोचत बसणं कुणाला परवडेल? काळजी करायची तर प्रतिजैविकांची करावी. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले होते. कोलिस्टिन हे औषध पशुखाद्यात वापरायला केंद्रानं २०१९ मध्ये बंदी घातली. तेव्हा बॉयलर रोज खाऊ नका, पण आखाडाच्या एका जेवणानं काही बिघडत नाही. प्रथिनं दोन्हींत जवळपास सारखीच. गावरानमध्ये चरबी कमी, एवढा फरक. कडकनाथचं विचाराल तर झाबुआच्या या काळ्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि पुढच्याच वर्षी तिच्या नावानं गुंतवणूक घेऊन आपल्या राज्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांना टोपी घातली गेली. औषधी म्हणून तिला सोन्याचा भाव देण्याइतकं मला तरी त्यात काही दिसत नाही.

मग गावरान घ्यायचीच कशाला? चव हे एक कारण. चुलीवरच्या गावरान रश्श्याची सर बॉयलरला नाही, हे मान्य करायलाच हवं. दुसरं कारण मला जास्त पटतं. खेड्यात शेळी घराची, बैल मालकाचा, पण कोंबडी बाईची. अंड्याचे पैसे, कोंबडीचे पैसे तिच्या लुगड्याच्या गाठीत जातात. त्यातून पोरीची वही येते, दवाखान्याचं येणं-जाणं होतं. आखाडाच्या तोंडावर मोटारसायकलला जाळी बांधून व्यापारी गावात फिरतात आणि पडेल भावात कोंबड्या उचलतात. त्याच कोंबड्या शहरात दुप्पट भावानं आपल्याला मिळतात. त्यापेक्षा गावाकडच्या बाईला महिनाभर आधी फोन करून सांगून ठेवा. आठवडी बाजाराला येताना ती घेऊन येते. भावात घासाघीस थोडी कमी करा. अस्सल माल मिळतो, आणि पैसे जिच्या हाती पडायला हवेत तिच्याच हाती पडतात.

माझी एक मावसबहीण अमेरिकेत असते. तिकडं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं, आणि त्या जेवणाला टर्की. सात-आठ किलोचा एकच पक्षी, आख्खा भाजलेला. एकदा फोनवर मी हसत म्हटलं, "तुमचं बरं आहे, भांडणच नको." तर ती म्हणाली, "अगं, इथंही तेच! गोठवलेली घ्यायची की ताजी, शेडमधली की मोकळी चरलेली, यावर सासूबाई आणि मी दोन आठवडे बोलतोय." गोठवलेली टर्की फ्रीजमध्ये मऊ व्हायलाच तीन दिवस घेते म्हणे. आणि तिकडच्या मोठ्या फार्मवरची टर्की माणसानं छातीच्या मांसासाठी इतकी भरीव केली आहे की नर-मादीचं नैसर्गिक मीलनसुद्धा जमत नाही. म्हणजे तीही त्यांची बॉयलरच की! पण एक गोष्ट मला आवडली. पक्षी टेबलावर मधोमध येतो, सगळे एकदम बसतात, आणि स्वयंपाक करणारीच्या ताटात पहिल्या फेरीत मांस पडतं.

आता मी काय करते ते सांगते. चौदा माणसं असतील तर एक गावरान आणि अडीच किलोची एक बॉयलर, दोन्ही आणते. दोन्ही एका पातेल्यात टाकायची चूक करू नका. मी केली होती, गावरान शिजेपर्यंत बॉयलरचा लगदा झाला. गावरान हळद-मीठ लावून, आलं-लसूण चोळून कुकरला लावते. कोवळी असेल तर चार शिट्ट्या, निबर असेल तर सात-आठ. त्याचं आळणी पाणी वाटी-वाटी काढून पोरांना, म्हाताऱ्यांना, आणि घरात बाळंतीण असेल तर तिला. उरलेल्या पाण्यात मसाला, येसर घालून रस्सा. चव सगळी इथून येते. बॉयलरचं सुकं करते, कांद्यावर परतून, वेगळ्या कढईत, पाणी जवळपास न घालता. पाहुण्यांना अस्सल गावरानचा रस्सा मिळतो आणि तुकडे सगळ्यांना पुरतात. गावरानचाच हट्ट धरणारे पुरुष दोनदा सुकं मागून घेतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय! खर्च दोन गावरान आणण्यापेक्षा कमीच येतो.

आणखी एक. काळीज. ते नेहमी चवीपुरतं म्हणून चुलीपाशी घुटमळणाऱ्या पुरुषांच्या किंवा पोरांच्या तोंडात जातं. त्यात लोह भरपूर असतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. एका आखाडानं ते भरून निघणार नाही, ठाऊक आहे. पण घरात ज्या पोरीला पाळी सुरू झाली आहे तिच्या वाटीत काळीज घालायला काय हरकत आहे?

पंगत बसायच्या आधी झाकणाच्या डब्यात बायकांचं सुकं काढून ठेवते. पहिल्या वर्षी हे केलं तेव्हा जाऊबाई घाबरल्या होत्या. "हावरट म्हणतील गं आपल्याला." कुणी काही म्हटलं नाही, कुणाच्या लक्षातच आलं नाही. पुढं पुढं जाऊबाईच डबा धुऊन पुढ्यात ठेवायला लागल्या.

आत्याबाईंचं मात्र राहिलंच होतं. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढं. दात उरले नाहीत, गावरान चावत नाही. तरी आखाड आला की "मला मान ठेव गं" हे ठरलेलं. गेल्या आखाडाला मी पंगतीच्या आधीच त्यांच्यापुढं ताट ठेवलं. ज्वारीची भाकरी रश्श्यात कुस्करलेली, आणि वर बॉयलरच्या मांडीचं मांस, हाडावरून सोडवून, मऊसूत. त्यांनी आधी हुंगलं, मग बोटानं चाचपलं. दोन घास खाल्ले. मग विचारलं, "मान कुठंय?"

मी म्हटलं, "मांजरीला टाकली."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या आणि तिसरा घास घेतला. "नुसती हाडंच असत्यात तिच्यात."